आग चवड्याला आणि शिव्या सोलला

मागच्या अंकात क्लिप-इन पेडलवर, म्हणजे शूजच्या तळाला लावलेली क्लीट नावाची पट्टी ज्यात खटकन अडकते त्या पेडलवर, चार ओळी काय लिहिल्या, पायाच्या तक्रारींचा ढीगच आला. सगळ्यांचं म्हणणं एकच, शूज कडक आहेत म्हणून पाय दुखतात. निम्मं खरं आहे ते. पाच पत्रं निवडलीत, पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय कारण बाकीच्यांचं बरंचसं त्यातच येऊन जातं, तेव्हा तुमचं पत्र खाली असलं तरी वरून वाचा.

प्रश्न : दादा, दोन वर्षं साधे स्पोर्ट्स शूज आणि फ्लॅट पेडलवर सायकल चालवली, काही त्रास नव्हता. दिवाळीत कार्बन सोलचे रोड शूज घेतले, ऑनलाइन, सेलमध्ये, ४२ नंबर. पहिले ४०-५० किमी एकदम मस्त वाटतं. पण परवा २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब राइड) केली त्यात खंबाटकी चढून साताऱ्याच्या कंट्रोलला (नोंदीच्या थांब्याला) पोहोचेस्तोवर दोन्ही चवडे नुसते पेटले होते, डाव्या पायाचं तिसरं-चौथं बोट तर आहे की नाही तेच कळेना. येताना दर १०-१५ किमीला थांबून शूज काढत होतो. साडेतेरा तासांच्या आत आलो पण जेमतेम. ग्रुपमधले म्हणतात कडक सोलची सवय व्हायला महिना-दीड महिना लागतो. होईल का सवय? की विकून मोकळा होऊ?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सवय होणार नाही. आधीच सांगून टाकतो म्हणजे तुम्ही अजून महिनाभर वाट बघत बसणार नाही. कार्बनचा सोल म्हणजे काय कोल्हापुरी चप्पल नाही की तेल लावलं, आठ दिवस पाय चावून घेतला आणि मग नरम पडली. वरचं कापड थोडंफार सैलावतं, बस. सोल आज आहे तसाच पाच वर्षांनी असणार, त्याचेच तर पैसे मोजलेत तुम्ही.

पण इतक्यात विकूही नका, कारण तुमच्या पत्रातच दुसरी एक गोष्ट दडलेली आहे. तिसरं आणि चौथं बोट. चवडा म्हणजे बोटांच्या मागची ती गादी, जिच्यावर आपण पेडल दाबतो. तिच्या आत पाच लांब हाडं शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून बोटांकडे नसा जातात. शूज पुढे अरुंद असला की हाडं बाजूनी एकमेकांवर आवळतात, खालून पेडलचा दाब असतोच, मधल्या मधे सापडते ती नस. आणि तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या मधली नस सगळ्यात जास्त वेळा सापडते. म्हणून तुमची नेमकी तीच दोन बोटं गेली. नुसत्या कडकपणामुळे झालं असतं तर सगळ्या चवड्याची आग झाली असती, दोन बोटं वेगळी काढून बधीर झाली नसती. निदान माझा अनुभव तरी असा आहे.

मग साध्या शूजमध्ये का होत नव्हतं? कारण ते वाकतात, बाजूला पसरतात, आणि फ्लॅट पेडलवर आपण नकळत पाय पुढे-मागे सरकवत असतो. क्लीटमध्ये पाय एकदा अडकला की अडकला. ८० चा केडन्स धरा, म्हणजे मिनिटाला पेडलचे ८० फेरे, तर तासाला ४८०० वेळा, एकाच जागी. नऊ तास पेडल मारलं तर ४३ हजारांच्या वर. २००३ मध्ये एक अभ्यास झाला होता त्यात कार्बनच्या सोलमध्ये तळव्यावरचा कमाल दाब प्लॅस्टिकच्या सोलपेक्षा १८ टक्के जास्त भरला होता. म्हणजे तुमचे ग्रुपवाले अगदीच हवेत बोलत नाहीयेत, कडक सोल दाब वाढवतो हे खरंच. पण तेवढ्यानेच पाय पेटत असते तर कार्बनवाले सगळेच रस्त्याच्या कडेला बसलेले दिसले असते. दिसतात का? मऊ शूज चुकीच्या मापाचे असले तरी सांभाळून घेतात, कडक शूज अजिबात सांभाळून घेत नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता माप बघा. शूजच्या आतला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा, आणि संध्याकाळी म्हणजे दिवसभर चालून पाय जरा पसरलेला असतो तेव्हा, त्याच्यावर सरळ उभे राहा. बसून नाही, उभं राहून, दोन्ही पायांवर वजन देऊन. टाच मागच्या कडेला लावा आणि वाकून चवड्याकडे बघा, किंवा घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. करंगळीच्या बाजूने पाय इनसोलच्या बाहेर उतू चाललाय का? चाललाच असणार. जितका बाहेर तितका तो शूजमध्ये आत दाबला जातोय, त्यात कोडं काही नाही. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असणंही अगदी कॉमन आहे, तुमचा डावाच जास्त दुखतो म्हणजे बहुतेक डावा मोठा, माप त्याचंच धरायचं.

आपण चपलेत वाढलेली माणसं हो. शाळेत अनवाणी, घरात अनवाणी, लग्नकार्याला काय तो बूट. बोटं छान पसरलेली असतात. माझी आई मला फताड्या पायाचा म्हणायची आणि पुढे म्हणायची, पाण्यात बदक होशील. हा फताडा पाय आपण युरोपातल्या निमुळत्या साच्यावर बेतलेल्या शूजमध्ये कोंबतो आणि वर ४२ नंबर बरोबर आहे म्हणतो. लांबीला असेल बरोबर. शिमानो कंपनीच्या चार्टप्रमाणे ४२ म्हणजे २६.५ सेंटीमीटरचा पाय, ४३ म्हणजे २७.२, पण हे आकडे फक्त लांबीचे, रुंदीबद्दल नंबर काहीच बोलत नाही. रुंद पायासाठी वाइड म्हणून वेगळा साचा असतो, शिमानोच्या काही मॉडेलमध्ये येतो, ‘लेक’ कंपनीच्या शूजमध्ये येतो, डब्यावर लिहिलेलं असतं. इथल्या दुकानात लगेच मिळेल असं नाही, मागवून घ्यावे लागतात, तेवढी तयारी ठेवा.

आणि आता तुम्ही जी चूक करणार आहात ती आधीच सांगतो कारण दहातले आठ जण ती करतात. ४२ आवळतोय ना, मग ४३ घेऊ. लांबी वाढली की रुंदी अगदी नखभर वाढते, पण टाच मागे सैल होते. त्याहून वाईट म्हणजे शूज लांब झाला की क्लीटची भोकं तुमच्या चवड्याच्या मानाने पुढे सरकतात, म्हणजे दाब अजून पुढे, बोटांच्या मुळाशी. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. लांबीला बोटांच्या पुढे थोडी जागा हवी, बोटं हलली पाहिजेत, पण रुंदी लांबीतून वसूल करायला जाऊ नका.

नवीन खरेदीच्या आधी फुकटातले उपाय. तुमच्या शूजला पट्टे आहेत की डायल ते लिहिलं नाहीत, काही असो, सगळ्यात पुढचा पट्टा म्हणजे बोटांजवळचा, तो फक्त टेकला पाहिजे. आवळायचा नाही. पाय धरून ठेवायचं काम वरच्या पट्ट्याचं, घोट्याच्या खालच्या. आपण सकाळी पाच वाजता गारठ्यात सगळं कचकचीत आवळून निघतो आणि अकरा वाजेपर्यंत उन्हाने आणि पेडलने पाय सुजतो, शूज तेवढाच राहतो. म्हणून ३०-४० किमीला एकदा हात खाली घालून एक क्लिक, दोन क्लिक सैल करायचं. दुखायला लागल्यावर नाही, आधीच. एकदा नस चिडली की सैल करून पण तासभर शांत होत नाही.

मोजे बघा. कुशन हवं म्हणून जाड मोजे घालत असाल तर ते आधी बंद. जाड मोजा म्हणजे शूज अर्धा नंबर लहान.

हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय तर स्वतः केलंय म्हणून. माझे पहिले कार्बन शूज असेच, सेलमधले. ३०० च्या बीआरएमला १८० किमीच्या पुढे अशी आग झाली की एका ढाब्यावर मी जेवण सोडून मोरीजवळच्या बादलीत दोन्ही पाय बुडवून बसलो, ढाब्यावरचा पोरगा हसून हसून बेजार, त्याला वाटलं नवस आहे. घरी आल्यावर काय केलं तर जेलचे पॅड आणले आणि शूजमध्ये घातले. दुकानदार म्हणाला होता दाब शोषून घेतं. घेत असेल, पण पॅडची जाडी शूजमधलीच जागा खाते ना, आधीच अरुंद त्यात वरून पाय अजून दाबला गेला, पुढच्या राइडला ६० किमीलाच बोंब. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. माझा इलाज शेवटी रुंद साच्याचे शूज हाच निघाला, आणि त्यांचा सोलही कार्बनचाच आहे, तितकाच कडक.

इनसोलचा उपयोग होतो, नाही असं नाही, पण रुंदी सुटल्यावर. शूजबरोबर जो येतो तो बहुतेक वेळा कागदाहून थोडा जाड इतकाच असतो, पायाच्या कमानीला आधार शून्य. कमान खाली बसली की सगळा भार पुढे चवड्यावर येतो. कमानीला नीट आधार देणारा पातळ इनसोल घातला की भार वाटला जातो. अजून एक छोटा घुमटासारखा पॅड मिळतो, चवड्याच्या हाडांना आतून किंचित फाकवणारा, तो चवड्याच्या खाली नाही तर चवड्याच्या मागे लावायचा. लोक दुखतंय तिथेच लावतात आणि मग अजून दुखतं म्हणून लिहितात. पायाच्या डॉक्टरकडून जागा दाखवून घेतलेली बरी.

आणि खंबाटकीत काय गियर होता हो तुमचा? घाटात जड गियरवर ५०-५५ च्या केडन्सने रेटत जायची सवय असेल तर प्रत्येक ढकलीला चवड्यावर येणारा जोर खूप वाढतो. हलका गियर, पाय फिरता. शिवाय चढावर बोटं आत आवळून धरायची खोड असते खूप जणांना, स्वतःला कळत पण नाही. पुढच्या घाटात मुद्दाम लक्ष द्या, बोटं ढिली सोडून बघा.

हे सगळं करून दोन-तीन राइड झाल्या आणि बोटं तरीही बधीर, किंवा सायकलवर नसताना घरात चालताना सुद्धा चवड्याखाली खडा असल्यासारखं टोचतंय, तर डॉक्टर. नसेभोवती जाडी तयार झालेली असू शकते, ती पट्टे सैल करून जाणार नाही.

प्रश्न : काका, माझं बरोबर उलटं आहे. माझे एमटीबी (माउंटन बाइक) टाइपचे एसपीडी, म्हणजे छोट्या धातूच्या क्लीटचे शूज आहेत, सोल चांगला मऊ, चालता येतं म्हणूनच घेतले. तरी ७०-८० किमीनंतर पायाखाली क्लीट जाणवते, गरम नाणं ठेवल्यासारखी. कडक सोल वाईट म्हणतात मग मला मऊ सोलमध्ये का होतंय? आणि क्लीट मागे घे असं एकाने सांगितलं, मागे म्हणजे किती? गुडघ्याला काही होणार नाही ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गरम नाणं, छान उपमा दिलीस, तुझ्या वयाचा अंदाज काका या शब्दावरून घेतोय. एसपीडीची क्लीट असतेच नाण्याएवढी. सोल कडक असेल तर नाण्यावरचा जोर सगळ्या चवड्यावर पसरतो, मऊ असेल तर सोल क्लीटभोवती वाकतो आणि तेवढ्याच जागी टोचतो. म्हणजे तुला थोडा कडक सोलच हवाय. पूर्ण कार्बन नको, फायबर मिसळलेल्या नायलॉनचा मधल्या कडकपणाचा असतो तो बघ, चालता पण येतं. तोपर्यंत निदान क्लीटच्या वरच्या बाजूला, इनसोलच्या खाली उचकटून बघ, आतली धातूची पट्टी किंवा तिच्यावरचा स्टिकर सरकून खडबडीत झालेला असतो कधी कधी. साधी गोष्ट पण दोन जणांची मी तेवढ्यावर सोडवली आहे.

आता क्लीट. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला एक हाडाचा उंचवटा हाताला लागतो, करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला दुसरा, तो जरा मागे असतो. शूज घालून, बाहेरून बोटाने चाचपून दोन्हीवर टेपचे तुकडे लाव. पेडलचा दांडा या दोन खुणांच्या मधोमध आला की सुरुवात म्हणून ठीक. खूप शूजमध्ये दुकानातून आलेली क्लीट याच्या बरीच पुढे असते, कारण लावणाऱ्याने भोकांच्या मधोमध ठोकून दिलेली असते, तुझा पाय त्याने बघितलेलाच नसतो.

तिथून मागे जायचं ते दोन-दोन मिलिमीटरने. लांब अंतरवाले अंगठ्याच्या उंचवट्याच्या मागे सेंटीमीटरभर नेतात, पण एकदम नाही. आधी जुन्या जागेभोवती मार्करने रेघ मार आणि मोबाईलवर फोटो काढ, मग चार नंबरच्या ॲलन कीने ढिलं कर, सरकव, बोल्टला चिमूटभर ग्रीस आणि परत आवळ, ५ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) नसेल तर निदान अर्धवट ढिलं ठेवू नकोस, क्लीट पेडलमध्ये अडकून शूजवर फिरली तर पाय सुटत नाही आणि सिग्नलला सगळ्यांसमोर आडवा होशील. मी झालोय, मुंबई नाका सिग्नलला.

गुडघ्याचं विचारलंस ते बरोबर विचारलंस. क्लीट मागे गेली की पाय पेडलवर पुढे जातो, म्हणजे खाली पोहोचायला पाय किंचित कमी पडतो, म्हणून सीट एक-दोन मिलिमीटर खाली घ्यावी लागते. ते न करता लोक क्लीट सरकवतात आणि मग गुडघ्याच्या मागे ओढ बसते. फायदा असा की चवड्यावरचा आणि पोटरी-टाचेच्या शिरेवरचा ताण दोन्ही कमी होतात. स्प्रिंटला थोडी मजा कमी होते म्हणतात, आपल्याला कुठे स्प्रिंट मारायचीय.

क्लीटचा कोन मात्र वेगळा विषय. टेबलावर बसून पाय लोंबकळत सोड आणि बघ पंजे कुठे वळतात, सरळ की बाहेर. जसे वळतात तसेच क्लीटमध्ये राहू दे, जबरदस्तीने सरळ करू नकोस, गुडघा तिथे बिघडतो. तुझ्या एसपीडीमध्ये थोडी मोकळीक असतेच. रोडवाल्यांनी क्लीटचा रंग बघा, पाय किती अंश वळू शकतो ते त्यावरून कळतं, शिमानोच्या रोडच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळी ६ अंश, निळी २, लाल शून्य. आणि गंमत म्हणजे लूक कंपनीच्या कियो क्लीटमध्ये लाल ही सगळ्यात मोकळी, ९ अंश, करडी साडेचार, काळी शून्य. लाल ती लाल म्हणून मित्राच्या सांगण्यावरून घ्याल तर फसाल.

बदल केलास की पहिली राइड सपाट रस्त्यावर, २५-३० किमी, ॲलन की खिशात. कसारा घाटात नको आणि बीआरएमच्या आदल्या दिवशी तर मुळीच नको.

प्रश्न : नमस्कार, माझी अडचण वेगळीच आहे. पुढे शूज आवळतो आणि मागे टाच उचलली जाते, दोन्ही एकदम. अंगठ्याच्या बाजूला हाड थोडं वाढलेलं आहे, तिथे शूज घासून लाल होतं. दुकानात लेडीज शूज म्हणजे दोन मॉडेल, तेही माझ्या मापात नाहीत. नवरा म्हणतो ओव्हनमध्ये गरम करून साचा बदलता येतो, व्हिडिओ आहे. करू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी ओव्हनचं. थांबा. काही मोजके शूज खास तसे बनवलेले असतात, बॉन्ट कंपनीचे शूज साधारण ७० अंशाला ओव्हनमध्ये तापवून पायावर बसवतात हे खरं आहे. बाकीच्यांचा गोंद सुटेल, सोल वेगळा होईल आणि ओव्हनला आठ दिवस वास मारेल. डब्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असेल तरच, नाहीतर त्यात केकच करा.

वाढलेल्या हाडासाठी एक जुना इलाज अजून चालतो. शूजचा वरचा भाग चामड्याचा असेल तर चांगला मोची बघा, त्याच्याकडे लाकडी साचा असतो, नेमक्या त्या जागी फुगवून देतो, रात्रभर ठेवून. रेक्झिन किंवा सिंथेटिक असेल तर फारसं ताणत नाही, पण जाळीचं कापड असेल तर हाडावर आधीच कमी बोचतं, पुढच्या वेळी घेताना त्या जागी शिवण किंवा पट्ट्याचं टोक येत नाही ना एवढं बघा. निम्म्या तक्रारी त्या एका शिवणीच्या असतात.

टाच उचलते त्याला दोन कारणं. एक, पुढे जागा मिळावी म्हणून मोठा नंबर घेतलाय, वर लिहिलंय तेच. दोन, बायकांची टाच चवड्याच्या मानाने बऱ्याचदा अरुंद असते आणि पुरुषांच्या साच्यात मागे पोकळी राहते. टाचेच्या आत एका दिशेने खरखरीत अस्तर असलेले शूज मिळतात, पाय आत जातो पण वर सरकत नाही. ते नसेल तर टाचेच्या दोन्ही बाजूंना पातळ फोमचे तुकडे चिकटवून बघा, वीस-तीस रुपयांचं काम. लेसवाल्या शूजचा विचार केलात का? दिसायला जुनाट वाटतात पण पुढच्या दोन जोड्या भोकांत लेस ढिली, वरच्या घट्ट, असं हवं तसं बांधता येतं, पट्ट्यांना ते जमत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघींनी यावरच निभावलंय.

दुकानात जाल तेव्हा दुपारनंतर जा, राइडचेच मोजे घेऊन, आणि दोन्ही शूज घालून पंधरा मिनिटं तिथेच बसा-उभ्या राहा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. त्या पंधरा मिनिटांत जिथे बोचलं तिथे रस्त्यावर दुप्पट बोचणार. ‘वापरून सैल होईल मॅडम’ हे वाक्य आलं की उठा.

प्रश्न : वय ५८, मधुमेह बारा वर्षं. रोज रंकाळ्याच्या बाजूने २० किमी सायकल, रविवारी पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत. गेल्या वर्षी मुलाने सायकलिंग शूज दिले. तळव्याची आग होते, हल्ली रात्री झोपेत पण होते. शूज बदलू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : साहेब, तुमच्या पत्रातले शेवटचे शब्द महत्त्वाचे, रात्री झोपेत पण होते. शूज रात्री कपाटात असतात. झोपेत होणारी आग शूजची नाही असं धरून चाला आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, साखरेमुळे नसांवर परिणाम झालाय का ते पायाला तारेसारखा धागा टेकवून, कंपनाचा काटा लावून तपासतात, दहा मिनिटांचं काम आहे. आग होते तिथपर्यंत निदान कळतं तरी, खरी भीती पुढची, आग थांबते आणि काहीच कळेनासं होतं. मग शूजमध्ये खडा असला, फोड आला, तरी समजत नाही आणि जखम चिघळते.

तोपर्यंत कडक शूज बाजूला ठेवा. मोकळे, पुढून रुंद, आत शिवण नसलेले साधे शूज आणि फ्लॅट पेडल. घालायच्या आधी हात आत घालून चाचपायचं, आल्यावर दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या बघायच्या, वाकता येत नसेल तर आरसा धरून. पाय बधीर असेल तर बादलीतलं गरम पाणी, शेकायची पिशवी हे बिलकुल नको, भाजलेलं कळत नाही. मुलाला वाईट वाटेल म्हणून शूज घालत असाल तर हे पान त्याला वाचायला द्या. सायकल बंद करू नका हो मात्र, डॉक्टर नाही म्हणेपर्यंत.

प्रश्न : एवढा सगळा त्रास असेल तर क्लिपलेस शूज हवेतच कशाला? आणि क्लिप करतो तर नाव क्लिपलेस का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नावाचं आधी. क्लिपलेस म्हणजे हेच आपलं क्लिप-इन पेडल. पूर्वी पेडलला पुढे पिंजऱ्यासारखी क्लिप असायची आणि तिच्यात पाय घालून चामड्याचा पट्टा ओढायचा. लूक कंपनीने १९८४ मध्ये बर्फावरच्या स्कीला बूट अडकवायच्या बायंडिंगवरून पेडल काढलं, पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनोने त्यावर तूर द फ्रान्स जिंकली, आणि पिंजरा गेला. पिंजऱ्याची ती क्लिप नाही म्हणून क्लिपलेस. आपल्यासाठी नाव उलटं झालंय खरं.

हवेत का? नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत, कोलोरॅडो विद्यापीठात मोजून बघितलं, एकसारख्या मध्यम जोराने चालवताना रनिंग शूज-फ्लॅट पेडल आणि क्लिपलेस यात शरीराला लागणाऱ्या ऊर्जेत फरक आढळला नाही. ऑफिसला जायला, अंबाझरीला चक्कर मारायला साधे शूज झकास. फरक पडतो तो उभं राहून जोर लावताना, ओल्या रस्त्यावर पाय घसरू नये म्हणून, आणि फार लांब जाताना पाय एका जागी राहतो म्हणून. अर्थात तो एका जागी राहतो हीच तर वरच्या सगळ्या पत्रांची रड आहे.

तुमच्याच गावचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण करून आले, पावणेपाच-पाच हजार किमी, बारा दिवसांच्या मुदतीत. इतक्या लांबच्या रेसमध्ये पाय सुजणार हे गृहीतच धरतात, म्हणून मोठ्या मापाचा दुसरा जोड सोबतच्या गाडीत ठेवणारे असतात, कुणी शूजला पुढून करंगळीपाशी चक्क कापून जागा करतं. हजारोंचे शूज कात्रीने कापायचे म्हणजे जिवावर येतं, पण मी माझे ते पहिले सेलवाले शूज शेवटी तसेच कापले, डाव्या करंगळीपाशी दोन बोटं रुंद. घरातल्या ट्रेनरला (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडला) चालतात अजून.